आरोप नळावर, तपास हवा बोअरचा

फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. लिटरभर पाण्यात तो अर्धा मिलिग्रॅम असला काय आणि चार मिलिग्रॅम असला काय, पेल्यातले पाणी सारखेच दिसते. परिणामांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्या पाण्याने दातांना झालाच तर थोडा फायदा होतो. दुसरे पाणी लहानपणापासून पोटात गेले तर दातांवर जन्माचे डाग उमटतात आणि तेच वर्षानुवर्षे पीत राहिले तर पाठ व सांधे आखडू लागतात. जी वस्तू डोळ्यांना दिसत नाही तिच्याविषयी कोणीही काहीही सांगावे आणि ऐकणाऱ्याने मान डोलवावी, असा हा विषय आहे. म्हणूनच बेळगाव जिल्ह्यातील खानापूरसारख्या, मलप्रभा नदीच्या उगमाशी बसलेल्या तालुक्यातही नळाच्या पाण्याला फ्लोराइडचा आरोप सहज चिकटतो. हा आरोप मुख्यतः तीन आधारांवर उभा असतो आणि तिन्ही आधार तपासाला टिकत नाहीत. खरा धोका ज्या पाण्यात असू शकतो, त्या पाण्याकडे मात्र या गोंगाटात कोणाचे लक्ष जात नाही.

पहिला आधार मोबाइलवरून फिरणारा: सरकार नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळते. हे वाक्य अमेरिकेसारख्या काही देशांपुरते खरे आहे आणि तिथूनच ते जसेच्या तसे उचललेले आहे. कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य आला, तेव्हा तिथल्या अनेक मुलांचे दात तपकिरी डागांचे असल्याचे त्याला दिसले; हे दात किडीला मात्र दाद देत नाहीत, हे पुढे लक्षात आले. कारण सापडायला तीस वर्षे लागली. १९३१ मध्ये अॅल्युमिनियम कंपनीतील चर्चिल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने अशा गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याचे दाखवले. पुढे ट्रेंडली डीन यांनी गावोगावचे दात आणि पाणी ताडून पाहिले आणि लिटरला साधारण एक मिलिग्रॅमपर्यंत डाग फारसे पडत नाहीत, कीड मात्र घटते, असा निष्कर्ष काढला. त्या भरवशावर २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स शहराने नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड घालायला सुरुवात केली. त्यावरचे भांडण आजही मिटलेले नाही. कॅनडातील कॅल्गरीने २०११ मध्ये मिसळणे थांबवले, २०२१ च्या लोकमतात लोकांनी ते परत मागितले आणि २०२५ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील युटा राज्याने मात्र त्यावर कायद्याने बंदी घातली.

हे भांडण त्यांचे आहे. भारतात एकाही शहराच्या नळयोजनेत फ्लोराइड मिसळले जात नाही. जलशुद्धीकरण केंद्रात पाण्यात पडते ती तुरटी किंवा तिच्याच जातीचे द्रव्य, गाळ बसवण्यासाठी. आणि क्लोरीन किंवा ब्लीचिंग पावडर, जंतू मारण्यासाठी. यात तुरटीचा गुण आरोपाच्या नेमका उलटा आहे, कारण ती फ्लोराइड काही अंशी बाहेर काढते. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने १९७० च्या दशकात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड काढण्याची जी पद्धत बसवली, तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. ज्या जिल्ह्याचे नाव तिला मिळाले, तिथे वाकलेल्या पाठीची माणसे पिढ्यान्‌पिढ्या दिसत आली होती. मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागात अशा रुग्णांची देशातली पहिली वैद्यकीय नोंद १९३७ मध्ये झाली. या देशातला सरकारी खर्च फ्लोराइड पाण्यातून काढण्यावर होत आला आहे, घालण्यावर नव्हे.

याच मजकुराला हल्ली ‘फ्लोराइडने मुलांची बुद्धी मंदावते’ अशी पुरवणी जोडलेली असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल तिच्यामागे आहे आणि तो अहवाल हलका नाही. पण त्याचा निष्कर्ष लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड असलेल्या पाण्याविषयी आहे. अमेरिकी नळात घातल्या जाणाऱ्या ०.७ मिलिग्रॅमबद्दल निर्णय देण्याइतका पुरावा नाही, असे तोच अहवाल सांगतो. पुरवणी पाठवणारे आकडा गाळतात आणि उरलेले वाक्य सगळ्या नळांना लावतात.

उलट बाजूचाही एक हट्ट आहे आणि तो शिकलेल्या लोकांचा आहे. नदीच्या पाण्यात फ्लोराइड कमी, मुलांच्या दातांना कीड जास्त, तेव्हा अमेरिकेसारखे आपणही थोडे मिसळावे, असा तो विचार. पण खुद्द अमेरिकेने १९६२ मध्ये मात्रा ठरवली तेव्हा ती हवामानाला बांधली होती: थंड प्रदेशात १.२, उष्ण प्रदेशात ०.७ मिलिग्रॅम, कारण उन्हात माणूस पाणी जास्त पितो. मार्च-एप्रिलमध्ये रानात राबणाऱ्या माणसाच्या पोटात दिवसाला चार-पाच लिटर पाणी जाते. शिवाय चहाचे झाड जमिनीतला फ्लोराइड पानांत साठवते आणि खळखळून उकळलेल्या चहात तो उतरतो. आपल्याकडे दिवसाला किती कप होतात हे मोजायला संशोधक नको. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट वाण्याच्या दुकानात मिळते. ती दातांवर काम करते आणि थुंकून टाकता येते. पाण्यातली मात्रा थुंकता येत नाही. दात वाचवायचे असतील तर लहान मुलाच्या ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट आणि रात्रीचे दात घासणे पुरेसे आहे. त्यासाठी अख्ख्या गावाच्या टाकीत रसायन ओतण्याचे कारण नाही.

दुसरा आधार यापेक्षा वजनदार दिसतो. केंद्रीय भूजल मंडळाच्या यादीत, ज्या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलातील फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमच्या वर आढळतो, त्यांत बेळगावचे नाव आहे. झाले, निष्कर्ष तयार: जिल्हा बाधित, खानापूर जिल्ह्यात, म्हणून खानापूर बाधित. या तर्कातली खोट दोन शब्दांत आहे: ‘काही भागांत’ आणि ‘भूजलात’. बेळगाव हा तेरा हजार चौरस किलोमीटरहून मोठा, क्षेत्रफळाने कर्नाटकातला सर्वांत विस्तृत जिल्हा. त्याच्या एका टोकाला कणकुंबी आणि जांबोटीचे जंगल, जिथे पावसाळ्यात घराबाहेर पडायला इरले लागे. दुसऱ्या टोकाला अथणी आणि रामदुर्ग, जिथे वर्षाचा सगळा पाऊस जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर. या दोन टोकांना एका यादीत बसवता येते, एका विहिरीत नाही.

फ्लोराइड पाण्यात येतो तो खडकांतून. ग्रॅनाइट आणि नाइस जातीच्या खडकांतील अभ्रक, अॅपेटाइट, फ्लोराइट या खनिजांत तो असतो. पाणी अशा खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षे थांबले, पाऊस कमी म्हणून ते धुऊन निघाले नाही, उन्हाने आटत गेले, त्यात सोडा वाढला आणि कॅल्शियम घटले, की फ्लोराइड सुटून पाण्यात उतरतो. पाणी जितके खोल आणि जुने, तितकी ही शक्यता जास्त. कोलार, पावगड, कोप्पळ, रायचूर, गदगमधील मुंडरगी या कर्नाटकातल्या फ्लोराइडच्या जुन्या जागा पाहिल्या तर हेच चित्र दिसते: कमी पाऊस, कठीण खडक, खोल बोअर. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडमधील किनवट ही नावे घेतली जातात, तिथेही त्रास हातपंपाचा आणि बोअरचा आहे.

खानापूरच्या पश्चिम भागात यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट उलटी आहे. पाऊस मुबलक, त्यामुळे जमिनीतले क्षार दरवर्षी धुऊन नदीला जातात. माथ्यावर जांभा आहे. जांभ्यात लोखंडाची आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडे भरलेली असतात आणि किंचित आंबट पाण्यातला फ्लोराइड त्यांना चिकटून बसतो. फ्लोराइड काढण्याच्या गाळण्यांत अॅल्युमिना भरतात तो याच गुणामुळे. श्रीलंकेत तर भाजलेल्या विटांचे तुकडे भरून घरगुती गाळण्या केल्या गेल्या. 

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पावसाचे ताजे पाणी घेऊन खानापूर शहरापाशी येते. वाटेत फ्लोराइड गोळा करायला तिच्याकडे ना वेळ असतो ना तसा खडक. हेच पाणी पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात साठते आणि तिथून हुबळी-धारवाडच्या घराघरांत जाते. ज्या नदीच्या पाण्यासाठी पूर्वेकडची शहरे डोळे लावून बसलेली असतात आणि म्हादईचे पाणी तिच्यात वळवण्यावरून राज्ये लवादापुढे उभी राहिली, तिच्याच काठच्या माणसाने ते फ्लोराइडचे पाणी म्हणून नाकारावे, हा विनोद म्हणून चालेल. लवादाने २०१८ च्या निवाड्यात कळसा आणि भांडुरा नाल्यांमधून मलप्रभेकडे वळवण्यास दिलेले पाणी ३.९ टीएमसी आहे, आणि ते मागितले गेले पिण्यासाठीच.

पण पश्चिम भाग म्हणजे सगळा तालुका नव्हे, हे इथेच सांगायला हवे. नाहीतर जिल्ह्याच्या यादीवाल्यांची चूक तालुक्याच्या पातळीवर पुन्हा होईल. बीडी, इटगी, पारिशवाड या पूर्वेकडच्या पट्ट्यात पाऊस कमी होत जातो, जमीन बदलते, बैलहोंगलच्या काळ्या रानाशी ती जुळू लागते. तिथली दोनशे-तीनशे फूट खोल बोअर आणि जांबोटीचा झरा यांना एकच प्रमाणपत्र देता येत नाही, ना निर्दोषपणाचे, ना दोषाचे.

तिसरा आधार म्हणजे डोळ्यांनी पाहिलेला पुरावा. भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो तो फ्लोराइडचा, असे सांगितले जाते. तो चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. पाणी जड असल्याची ती खूण. गंमत अशी की पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी जोडला जाऊन खाली बसू पाहतो, म्हणून फ्लोराइडचे पाणी बरेचदा जड नसून हलके, सोड्याचे असते. बादलीला तांबडा डाग पडतो तो लोखंडाचा, जांभ्याच्या मुलखात तो पडणारच. राहिले दात. फ्लोराइडचे डाग दात हिरडीच्या आत घडत असताना, वयाच्या सात-आठ वर्षांपर्यंत पडतात. ते आडव्या रेघांचे किंवा खडूसारख्या पांढऱ्या ठिपक्यांचे असतात, दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे येतात आणि घासून जात नाहीत. चाळिशीनंतर काळवंडलेले दात ही वेगळी गोष्ट आहे. निपाणीचा तंबाखू ज्या मुलखात पिकतो, जिथे कित्येक घरांत सकाळ मिश्रीने सुरू होते आणि पुढे दिवसभर गुटख्याच्या पुड्या फुटतात, तिथे दातांच्या रंगाचा जाब नदीला विचारणे अन्यायाचे आहे. मिश्रीचे पाप मलप्रभेच्या माथी मारण्यात सोय मात्र आहे: मिश्री सोडावी लागत नाही.

डोळ्यांच्या पुराव्यातला सर्वांत पटणारा आणि सर्वांत खोटा प्रकार म्हणजे पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणाऱ्यांचा दारात होणारा प्रयोग. दोन पेले घेतात, एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात यंत्राचे. दोन्हींत धातूच्या सळ्यांचे उपकरण बुडवून वीज सोडली जाते. नळाच्या पाण्यात मिनिटभरात तपकिरी-हिरवट गाळ उसळतो, यंत्राचे पाणी निवळशंख राहते. घरातली बाई हबकते आणि हप्ता बांधला जातो. तो गाळ पाण्यातला नसतो. वीज वाहिली की लोखंडी सळीच झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. यंत्राच्या पाण्यात क्षार उरलेले नसल्याने वीजच वाहत नाही, म्हणून सळी झिजत नाही. त्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकले तर त्याचाही तसाच चिखल होतो. विक्रेत्याला एवढे करायला सांगावे.

टीडीएस मीटरची कथा याच जातीची. ते मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते पाहून एकूण क्षारांचा अंदाज देते. त्यांतला फ्लोराइड कोणता, हे त्याला कळत नाही. टीडीएस ३०० असलेल्या पाण्यात फ्लोराइड अर्धा मिलिग्रॅम असू शकतो आणि तीनही. मीटर दोन्हीकडे तोच आकडा दाखवील. फ्लोराइड मोजायला प्रयोगशाळेतील विशिष्ट इलेक्ट्रोड किंवा रंग बदलणारे रसायन लागते. जलजीवन मिशनखाली गावोगाव दिलेल्या तपासणी पेट्यांतही त्याची अंदाजी चाचणी असते.

आरओ यंत्र फ्लोराइड काढते, हे खरे. उकळल्याने तो जात नाही, पाणी आटते म्हणून उलट थोडा दाट होतो. कँडलचा फिल्टर आणि अतिनील दिवा यांचाही त्यावर इलाज चालत नाही. म्हणून जिथे बोअरच्या पाण्यात तो खरोखर आहे आणि दुसरे पाणी नाही, तिथे आरओचे केंद्र ही गरज आहे. कर्नाटक सरकारने राज्यात हजारोंनी उभी केलेली, नाणे टाकून कॅन भरायची शुद्ध पाण्याची केंद्रे त्याच गरजेतून आली. पण नदीच्या गोड्या पाण्यावर तेच यंत्र बसवणे म्हणजे नसलेला रोग कापून काढणे. घरगुती यंत्र एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर गटारात सोडते, आणि जे देते त्यातले कॅल्शियमही काढून घेते. पाण्याचा टीडीएस ५०० च्या आत आहे तिथे आरओला मनाई करावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये केंद्र सरकारला सांगितले ते उगाच नव्हे.

नळाच्या पाण्यात धोका नाहीच, असा याचा अर्थ नाही. तो जंतूंचा आहे. पहिल्या पावसात नदी गढूळ होते, काठावरच्या वस्त्यांचे सांडपाणी तिच्यात उतरते, फुटलेल्या नळात गटार शिरते. भारतीय मानक सांगते की पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय एकही नको आणि नळाच्या टोकाला उरलेला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. क्लोरीनच्या वासाला कंटाळून जो नळ सोडतो आणि चवीला गोड लागणाऱ्या खोल बोअरवर जातो, तो तपासलेल्या पाण्याकडून न तपासलेल्या पाण्याकडे जातो. फ्लोराइडच्या भीतीने नळ सोडून बोअर धरणारा तर ज्याला भितो त्याच्याच घरी मुक्कामाला जातो.

आता प्रशासनाच्या उत्तराकडे. पाण्याविषयी विचारले की ‘फ्लोराइड मर्यादेत आहे’ असे ठोकळेबाज उत्तर मिळते. कोणती मर्यादा, हे कोणी सांगत नाही. आयएस १०५०० या मानकात दोन आकडे आहेत. स्वीकार्य मर्यादा लिटरला १.० मिलिग्रॅम. दुसरा आकडा १.५, पण त्याला अट आहे: दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर. जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडा १.५ असला तरी पाणी किती प्यायले जाते आणि इतर मार्गांनी किती फ्लोराइड पोटात जातो, हे पाहून देशाने आपला आकडा ठरवावा, असे ती संघटनाच सांगते. पावगडच्या ओसाड रानातल्या गावाला १.५ ची सवलत समजण्यासारखी आहे. मलप्रभा आणि म्हादई ज्या तालुक्यात उगम पावतात, त्या तालुक्याला ‘दुसरा स्रोत नाही’ ही सबब शोभत नाही. खानापूरच्या कोणत्याही पिण्याच्या पाण्याला लावायचा आकडा १.० आहे, आणि बोअरचे पाणी १.३ निघाले तर ‘मर्यादेत’ हा शेरा चुकीचा ठरतो.

याहून मोठी पळवाट नमुन्याची आहे. नमुना पावसाळ्यात नदीवरच्या केंद्रात घ्यायचा आणि निकाल साऱ्या गावाला लावायचा. उन्हाळ्यात पात्र आटले की टाकीत बोअरचे पाणी चढवले जाते. नळ तोच, टाकी तीच, पाणी मात्र दुसरे. वाड्या-वस्त्यांवर तर टाकीला बाराही महिने बोअरच जोडलेली असते. शाळा, अंगणवाडी, वसतिगृह यांच्या आवारात स्वतःची बोअर असते, आणि दात घडण्याच्या वयातली मुले नेमके तेच पाणी पितात. नळाचा अहवाल या बोअरविषयी काहीच सांगत नाही. जो अहवाल असतो तो कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत, कार्यालयाच्या फायलीत. ज्या गावांत तो ऐकायला हवा त्यांतल्या अनेकांत बोलली जाते मराठी.

म्हणून मागणी नेमकी असावी. खानापूर नगर पंचायतीने आणि तालुक्यातील प्रत्येक ग्राम पंचायतीने पिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक बोअरचा नमुना मे महिन्यात, पाणी सर्वांत खाली असताना, आणि पुन्हा पावसाळ्यानंतर घ्यावा. सुरुवात पूर्वेकडच्या पट्ट्यापासून आणि शाळा-अंगणवाड्यांपासून करावी. बाटली प्लॅस्टिकची असावी, कारण फ्लोराइडच्या नमुन्याला काच चालत नाही, आणि तिच्यावर बोअरची जागा, खोली व तारीख लिहिलेली असावी. आलेला आकडा त्या बोअरच्या खांबावर रंगवावा आणि ग्रामसभेत कन्नडबरोबर मराठीतूनही वाचून दाखवावा. आकडा १.० च्या वर गेला तर त्या बोअरचे पाणी पिण्यासाठी बंद करून वस्तीला नदीचे पाणी द्यावे.